वार तुझा, जखम माझी

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर मैना आणि मी. मधे रुमालावर भाजलेले चिंचोके, दोघींना मिळून वीसेक. गुडघ्यावर अंकगणिताची चौकडीची वही. १९५७ साल असेल, आम्ही अकरा-अकरा वर्षांच्या. ती एक राणी, मी एक राणी, आणि दोघींचं युद्ध, सगळं लिहून! बोलायची सोय नव्हती, सिस्टर वरच्या व्हरांड्यात माळ ओढत फिरायच्या.

पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "माझ्या राणीने तुझ्या राणीचं मुंडकं उडवलं." वही तिच्याकडे सरकवली. मैनेने वाचलं, चिंचोका एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि कुजबुजली, "असं नाय. तू वार लिव. लागला का नाय, किती लागला, ते मी लिवणार. मान माझी हाय ना?"

एवढंच. नंतर जेवणाची घंटा झाली.

आज हे आठवायचं कारण, कॅप्टन हॉर्नने सावळीला आव्हान दिलं आहे. तीन वर्षांतलं सगळ्यात मोठं! सकाळचा चहा झाल्यापासून मी नुसती हसते आहे. साठाव्या वर्षी बाईने इतकं खूश होऊ नये.

१३ फेब्रुवारी

काल नुसती नावं लिहिली. उद्या मलाच वाचताना गोंधळ व्हायचा, म्हणून नीट लिहिते.

लेकीने, हर्षालीने, पुण्याहून कॉम्प्युटर आणून बसवला तो मी तिला पत्रं पाठवावीत म्हणून. पत्रं चार पाठवली. मग मला फॉगवॉटर सापडलं. इंटरनेटवरची ही जागा, चित्रं नाहीत, आवाज नाही, फक्त लिहिणं. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि तो इंग्रजीतून जगवायचा. कुणी लोहार, कुणी सरदार, कुणी चेटकीण. मी घेतली होडीवाली. नाव सावळी. भातसा नदीवर धरण नव्हतं तेव्हा पलीकडे न्यायला एक बाई होती, हातात लांब बांबू, कंबरेला कोयता, पावसाळ्यात एकटी होडी हाकायची. तिचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. सावळी ती.

लढाया होतात. मी गेले तेव्हा तिथे नुसती बजबजपुरी होती. एकाने लिहायचं "मी तुझा हात तोडला", दुसऱ्याने लिहायचं "तुटलाच नाही, उलट तूच मेलास". शाळेच्या मैदानासारखं! मी दोन महिने बघितलं आणि मग एक पान लिहून टाकलं. आपला वार लिहावा, त्याचा परिणाम लिहू नये. लागला का, किती खोल, हे ज्याला लागलं त्याने लिहावं. एका वेळी एकच चाल. उत्तराला अठ्ठेचाळीस तास. आणि कोणाचंही मरण दुसऱ्याने लिहायचं नाही.

ते पान आता सगळ्यांत वर लावलेलं असतं. "सावळीचा नियम" म्हणतात. ऑस्ट्रेलियातली माणसंसुद्धा म्हणतात!

मैनेचं नाव मी तिथे लिहिलं नाही. कोण मैना, हे तिकडे कोणाला सांगत बसू.

१४ फेब्रुवारी

लढाईच्या अटी ठरल्या. हॉर्नची फौज नदीच्या अलीकडे. पलीकडे वस्ती, तिथे आमचे दहा-बाराजण वर्षभर घरं, भट्टी, बाग लिहीत बसलेले. सावळी जिंकली तर फौज परत. हॉर्न जिंकला तर फौज पार जाणार आणि वस्ती उठणार. लढाई होडीत, नदीच्या मध्यावर.

पंच म्हणून स्कॉटलंडची लायब्ररीवाली बाई आहे. कडक आहे. माझ्या सिस्टरांची आठवण येते.

वस्तीच्या लोहाराने लिहिलं, "सावळी आहे, आम्ही निवांत झोपतो."

झोपा बाळांनो.

१६ फेब्रुवारी

हॉर्नची पहिली चाल: तलवार डावीकडून, खांद्याच्या रोखाने. मी: सावळीने गुडघे वाकवले, होडी तिच्या वजनाने कलली, तलवार केसांवरून गेली. मग बांबूचं टोक त्याच्या छातीकडे रेटलं. नुसतं रेटलं. पोचलं का ते त्याचं तो लिहील.

त्याने लिहिलं की पोचलं. बरगडीला मार, श्वास अडकला. सभ्य माणूस!

१७ फेब्रुवारी

हॉर्न चांगला लिहितो. हरणार आहे, पण चांगला लिहितो.

२० फेब्रुवारी

भारनियमनाचं वेळापत्रक पुन्हा बदललं. आता सकाळी नऊ ते दुपारी दोन, आणि कधीकधी कोणाच्या लहरीने पाचपर्यंत. मी चाल पहाटेच पाठवते. फोनची तार कॉम्प्युटरला लावली की तो किंचाळतो आणि शेजारच्या गंगीचा कोंबडा त्याला उत्तर देतो.

सात चाली झाल्या. हॉर्नला बरगडी, कान, डाव्या हाताची दोन बोटं. सावळीला काही नाही. ओली झाली आहे.

२२ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहिते, कारण याचा पुढे त्रास होणार असं वाटतं.

भातसानगरला गेले होते. यांच्या धरणावरच्या नोकरीत एकवीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या ताराबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण. हॉर्नला उत्तर द्यायची मुदत चार वाजता संपणार होती. एकच्या गाडीने परत येऊन बसेन असा हिशेब होता. ताराबाई सोडतात कुठे! "कुंदाताय, वटी भरल्याबिगर जायचं नाय." गाडी गेली. तीन वाजले. कॉलनीत तर वीजही नव्हती. सगळ्या मुंबईला पाणी पाजतात आणि स्वतः पंख्याकडे बघत बसतात.

शेवटी ताराबाईंच्या फोनवरून शहापूरला रेश्माला फोन लावला. रेश्मा म्हणजे एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेवाली, मी शाळेत शिकवायचे तेव्हा दहावीला माझ्या वर्गात होती. तिच्याकडे जनरेटर आहे. पासवर्ड सांगितला. (तिला सांगायला काय हरकत? तिला तर सावळी तोंडपाठ आहे.) चाल इंग्रजीतून सावकाश सांगितली: सावळी बांबू आडवा फिरवते, रोख हॉर्नच्या उजव्या गुडघ्याकडे. पूर्णविराम.

"टाकलं, टीचर. झकास झालंय!"

संध्याकाळी घरी येऊन बघते तर पूर्णविराम नाहीच. पुढे आणखी एक ओळ. "आणि गुडघ्याची वाटी फुटली, हॉर्न किंचाळत खाली पडला."

माझ्या नावाने! माझ्या नियमाखाली!

२३ फेब्रुवारी

रेश्माकडे गेले. तिला काही चुकलं असं वाटतच नव्हतं.

"टीचर, तुमी नुसतं मारायला जाते, मारायला जाते एवढंच लिवता. मला बघवंना. म्हटलं एकदाचा फोडूया गुडघा!"

"अगं, गुडघा त्याचा आहे. त्याने ठरवायचं."

"तो कशाला फोडून घेईल स्वतःचा?"

"घेतो. बोटं घेतली ना तोडून?"

मग म्हणाली, "येडाच हाय मग."

मी हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही. पंचबाईंकडे तक्रार गेली आहे, हॉर्नने नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी केलेली. लढाई थांबवली आहे. मी खरं काय झालं ते लिहून पाठवलं, वीज, डोहाळजेवण, रेश्मा, सगळं. माझी बाजू स्वच्छ आहे. मला चिंता नाही.

२६ फेब्रुवारी

पंचबाईंचा निकाल: ती ओळ खोडली. नाव माझं म्हणून ताकीदही मला. लढाई आठ मार्चला पुढे सुरू. ठीक. न्याय झाला.

पण हॉर्नचं खासगी पत्र आलं आहे, पहिल्यांदाच. तो वेल्समधला, पोस्टात होता, आता बायकोची शुश्रूषा करतो. लिहितो की गुडघ्याचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. "तुझ्या एकेचाळीस लढाया मी बसून वाचल्या. सावळीला एकदाही लागलेलं नाही. नियम तू कधी मोडला नाहीस, प्रत्येक वेळी ठरवणं तुझ्याच हातात होतं आणि प्रत्येक वेळी तू नाही म्हणालीस. जिला कधीच लागत नाही तिच्याशी लढताना फार एकटं वाटतं."

पोस्टातला माणूस. याला कोणी सांगितलं उलटतपासणी करायला!

सावळी चपळ आहे. म्हणून लागत नाही. एवढं साधं आहे.

२७ फेब्रुवारी

चपळ आहे!

२८ फेब्रुवारी

त्याला पुराव्यानिशी उत्तर द्यायचं म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरवली. हा खेळ मी फॉगवॉटरच्या जन्माआधीपासून खेळते, न्यायाने खेळते, हे दाखवायचं होतं. चौकडीची वही सापडली. वाळवीने एक कोपरा खाल्लेला, बाकी शाबूत.

पहिल्याच पानावर नियम. मला वाटत होतं की मी तो ऐकला आणि मग मीच लिहून काढला. नाही. मैनेच्या अक्षरात आहे. गोल, पेन्सिल दाबून काढलेलं, खालच्या दोन पानांवरही उमटलेलं.

मग लढाया वाचल्या. चाळीस पानं. मैनेच्या राणीच्या हाताला लागलं, पाठीला लागलं, एकदा डोळा गेला. डोळा गेल्यावर तिने पट्टी बांधून पुढची सहा पानं एका डोळ्याने लढली आहे! आणि माझी राणी? उडी मारली. वाकली. ढाल पुढे केली. चुकवलं. चुकवलं. चुकवलं.

चाळीस पानांत एक ओरखडा नाही.

हॉर्नला उत्तर लिहिलं नाही.

३ मार्च

तीन दिवस वही उशाशी आहे. आज ते पान उघडलं. उघडणारच होते. बारा वर्षं उघडलं नाही.

मैना डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची. माझे वडील तानसाच्या पाइपलाइनवर मुकादम, फी भरून ठेवायचे मला. तिला सिस्टरांनी आणली होती. महिन्यातून एकदा तिचा बाप, धाकलू, चालत यायचा, खांद्यावर पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी, आणि फाटकाबाहेरच उकिडवा बसायचा. मुली विचारायच्या, "मैना, तुझं घर केवढं गं?" म्हणून वहीत तिच्या राणीचं घर आहे. घराचं आलं की शाळेची भाषा सोडून ती तिच्या घरच्या बोलीत लिहायची. "माझा घर सात मजली हाय. सातव्या मजल्यावरना आईसला मी दिसतंय."

मे १९९४. मुरबाडला तिच्या लेकीची, भूमिकेची, हळद. मैना तेव्हा तिथल्या दवाखान्यात नर्स, नवरा मास्तर, स्वतःचं पक्कं घर. मांडवात दोन्हीकडच्या बायका. गाणी संपली, कोणीतरी म्हणालं, टीचर तुमी काहीतरी बोला. मी पिशवीतून वही काढली. तिला दाखवायला नेली होती, खरंच, तिला आनंद होईल म्हणून. आणि मी उभी राहून ते पान वाचलं. तिच्या बोलीत. हेल काढून. मला नक्कल छान जमते, शाळेत स्नेहसंमेलनाला मीच करायची.

काय हसल्या बायका! मीही हसले. मैना ताटातली हळद कालवत होती. हात थांबला नाही तिचा. फक्त वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बोलेना, तर मी म्हणाले, "अगं, गंमत होती. यात लागण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी बारा वर्षं कितीदा मनात म्हटलं असेल. आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं आणि बघितलं. वार माझा. आणि जखम किती, तेही मीच लिहिलं. पंच असती तर रेश्माच्या ओळीसारखी खोडली असती.

५ मार्च

मुरबाडला जायचं. ठरलं.

माझं असं आहे, ठरलं की जीव शांत होतो. दोन साड्या इस्त्रीला टाकल्या.

८ मार्च

लढाई सुरू. हॉर्नची चाल आली. गुडघ्याला बांबू लागला असं त्याने स्वतःच लिहिलं; तो होडीत पडलेला आहे, पडल्या पडल्या तळाशी ठेवलेला भाला उचलतो आणि खालून वर, सावळीच्या मांडीच्या आतल्या बाजूला रोखतो. उत्तर परवा संध्याकाळी सहापर्यंत.

मला चुकवणं सुचलंच लगेच. बांबूवर भार देऊन वर उडी. भाला खालून जाईल. सुंदर दिसेल.

रेश्माकडून पूर्ण लढाई कागदावर छापून घेतली. "कोणाला दाखवायचीय, टीचर?" "एका पंचाला." उद्या सकाळची गाडी.

९ मार्च

किन्हवली, सरळगाव करत मुरबाड. रस्त्याकडेचे पळस पेटलेले. एसटीत एक बाई कोंबड्यांची पाटी माझ्या पायांवर ठेवून झोपली. मी वाक्यं जुळवत होते. उत्तम वाक्यं होती. एकही वापरलं नाही.

मैना अंगणात बाजेवर तांदळाच्या पापड्या घालत होती. केस पांढरेशुभ्र. चष्मा दोरीने गळ्यात. मान वर केली.

"कोन ते?... कुंदा." पळी पुन्हा पिठात बुडवली. "ये. पापड्यांवर सावली पाडू नको."

मी बाजूला झाले. तिने हात धुतले नाहीत, पुढची पापडी घातली. मी उभ्यानेच म्हटलं, "मैने, मी विचारायला आलेय. तुला किती लागलं?"

"बारा वर्सांनी इचारतेस?"

"हो."

"बस मग. उभ्यानं सांगन्यासारखा नाय."

तिने सांगितलं. आवाज न चढवता, पापड्या घालत घालत, नर्स तापाचे आकडे सांगते तसं.

"बायका हसल्या त्याचा नाय लागला गो. जलमभर हसल्यात. भूमिकेची सासू बसली होती थितं. तिनं ते धरून ठेवला. पोरीच्या हातना पेला फुटला, तर सातमजलीची पोर! बालंतपनाला माहेरी धाडा म्हटला, तर सात मजल्यांत कंच्या मजल्यावर खाट टाकनार, ते इचार आयशीला. नातवंडाच्या बारशाला, पाव्हन्यांदेखत. मी सोन्याचा पानी दिलेला वाळा हातात धरून उभी. पोर माझी बारा वर्सं ऐकते हाय. आन तू मला म्हनालीस, लागन्यासारखा काय हाय."

माझ्या जिभेवर आलं होतं, मला हे माहीत नव्हतं. अगदी ओठांपर्यंत. खरंही होतं. आणि मला दिसलं की ही बांबूवरची उडी आहे. भाला खालून जाणार.

गिळलं. म्हटलं, "लागलं. मी मारलं, आणि तुला लागलं."

तिने पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे. पीठ लागलेल्या हाताने चष्मा वर केला, काचेवर बोट उमटलं.

"म्हातारी झालीस," म्हणाली.

"तूपण."

"मी आधीपासून होती."

चहा झाला. मग पिशवीतून कागद डोकावले तर म्हणाली, "आता आनि काय वाचून दाखवतेस?" मी हादरले. तिला हसू आलं! मी कागद तिच्या हातात दिले, म्हटलं, मी नाही वाचणार, तू वाच. फॉगवॉटर काय, सावळी कोण, हॉर्न कोण, सांगितलं. वर लावलेला नियम कोणाचा, तेही सांगितलं, आणि खाली नाव कोणाचं आहे तेही.

"माझा नेम चोरलास?"

"चोरला."

"आन ह्या वयात मारामाऱ्या करतेस."

"करते."

तिने वाचलं, सगळं, बोट ओळीखाली धरून, तिचं इंग्रजी माझ्याहून कमी नव्हतं कधी. दोनदा "बरा लिवतो हा" म्हणाली, हॉर्नला. शेवटच्या चालीवर थांबली.

"आता तू काय लिवनार?"

मी उडी सांगितली.

"खुळी काय! दोन्ही हात बांबूवर. पाय फाकलेले. होडी हलते. आन हा खालना भाला घालतो. कशी उडेल ती? हे लागनार गो."

"मग मांडीला थोडं..."

"थोडा? हितं?" तिने स्वतःच्या मांडीवर बोट ठेवलं, आतल्या बाजूला, वर. "हितं मोठी शीर हाय. तीस वर्सं बघितल्यात मी, बैलाचा शिंग लागलेली, कोयता सटकलेली. मूठ दाबून धरायला दुसरा मानूस पायजे. तुझ्या होडीत कोन हाय?"

"कोणी नाही. हॉर्न आहे फक्त."

"मग पाच मिन्टां. लई तर सात."

पापड्या वाळत होत्या. मी म्हटलं, "वस्ती उठेल, मैने. दहा-बारा जणं आहेत पलीकडे."

"ते मला नको सांगू. तू इचारलास किती लागला, मी सांगितला." मग, "तुला पायजे तर उडव तिला. बाई तुझी हाय."

निघताना वही पुढे केली. तिने हात लावला नाही. "आता नको. इचार करते."

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, साडीवर पापडीच्या पिठाची पाच बोटं. तिने मला कधी हात लावला? पायरी उतरताना बहुतेक.

१० मार्च

सकाळी वीज होती. चाल साडेसहाला पाठवली.

भाला लागला. आत, वर, जिथे मैनेने बोट ठेवलं तिथे. सावळी बांबू सोडत नाही, कारण सोडला तर होडी उलटेल आणि हॉर्न बुडेल, त्याला पोहता येत नाही हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पाच मिनिटं लिहिली. पहिल्या मिनिटाला तिला वाटतं काठ गाठता येईल. तिसऱ्याला पाय कोणाचा तरी वेगळाच वाटतो. पाचव्याला होडी पलीकडच्या वाळूला लागते. तिने आपल्या हातानेच शत्रूला पार नेलं, ठरल्याप्रमाणे.

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. आणि इतकं चांगलं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, हे मला लिहिताना कळत होतं.

११ मार्च

लोहाराने लिहिलं, "हे काय केलंस?" मग दोन तासांनी, "आम्ही आवराआवर करतो आहोत. पण हे काय लिहिलंस!"

हॉर्नने चाल खेळली नाही. त्याने फक्त लिहिलं की कॅप्टन हॉर्न टोपी काढून वाळूत बसला आहे आणि फौज उद्यापर्यंत थांबेल, वस्तीला सामान हलवायला.

रेश्मा दारात येऊन उभी. "टीचर, मेली?" डोळे लाल. "गुडघा मीच फोडला म्हणून झालं काय हो?" मी तिला आत घेतलं, थालीपीठ खायला घातलं. म्हटलं, तुझ्यामुळे नाही गं, तुझ्यामुळे फक्त मला दिसलं.

१२ मार्च

फोन. भूमिकेचा, कल्याणहून. मी तिला लहानपणी कडेवर घेतलेली. "मावशी, आईने मला इंटरनेटचं दुकान शोधायला सांगितलंय मुरबाडात. तिला काय झालंय?"

मी म्हटलं, तिलाच विचार. मग म्हटलं, भूमिका, तुझ्या हळदीत मी जे वाचलं, ते मी वाचायला नको होतं. मग ती म्हणाली, "एवढं काही..." आणि थांबली. मी म्हटलं, नको, एवढं काही नाही असं म्हणू नको. किती ते तू ठरव, सावकाश सांग, मी आहे.

१४ मार्च, होळी

पंचबाईंनी सावळीची वाटणी मागितली आहे. मेलेल्याच्या वस्तू कोणाला, हे ज्याने लिहिलं त्यानेच सांगायचं. पाठवण्याआधी इथे उतरवते.

बांबू हॉर्नला. त्याला नदीची सवय करून घ्यायची आहे आणि तो नीट धरेल. कोयता रेश्माला, ती उद्यापासून स्वतःच्या नावाने खेळणार, पण गुडघे लोकांचे लोकांनाच फोडू द्यावेत. वस्तीला सावळीची झोपडी, जाताना तिची लाकडं काढून न्या, पुढे उपयोगी पडतील. नियमाखालचं माझं नाव पुसायचं आणि तिथे मैना लिहायचं, पूर्ण, मैना धाकलू. चौकडीची वही खऱ्या मैनेला. उद्याच्या गाडीने मी स्वतः नेते. ठेवायची, फाडायची, की अंगणातल्या राखेत टाकायची, ते ती बघेल. वाचून मात्र कोणी दाखवायची नाही.

राहिली होडी. ती आज दुपारी मुरबाडहून नाव नोंदवलेल्या नव्या बाईला. एक डोळा पट्टीने बांधलेला आहे असं तिने लिहिलंय. घर कुठे, या रकान्यात: डोळखांब. सात मजली.